केमो आणि रेडिएशन एकदम, अण्णांना झेपेल का?

"ताई नमस्कार. आम्ही डोंबिवलीला राहतो. माझे सासरे, अण्णा, वय ६६, बेस्टमध्ये कंडक्टर होते, बिडी होती ती रिटायर झाल्यावर सुटली. खोकला जाईना म्हणून एक्सरे काढला, डाग दिसला, टीबी समजून एकेटी सुरू केलं, तीन महिने झाले तरी फरक नाही. मग सीटी, पेट स्कॅन, बायोप्सी झाली आणि लंग कॅन्सर निघाला. ॲडिनोकार्सिनोमा, स्टेज ३बी. परळच्या डॉक्टरांनी सांगितलं ऑपरेशन होणार नाही, केमो आणि रेडिएशन एकत्र द्यायचं, सहा आठवडे. ठाण्याचे दुसरे डॉक्टर म्हणतात आधी केमो संपवा, मग रेडिएशन. नणंद म्हणते दोन्ही एकदम म्हणजे माणूस हातचा घालवायचा. चुलत दीर म्हणतात जास्त पॉवरचं रेडिएशन देणारं हॉस्पिटल शोधू. अण्णांना शुगर आहे. त्यांना आम्ही फक्त 'गाठ आहे' एवढंच सांगितलंय. नातू चार वर्षांचा आहे, त्यांच्याच कुशीत झोपतो, त्याला लांब ठेवायचं का? नणंदेचं घर करी रोडला आहे पण अण्णा म्हणतात लेकीच्या घरी जाऊन राहणार नाही. गुरुवारी परत बोलावलंय. काय करू? – डोंबिवलीची सून"

तुझं पत्र वाचलं आणि पहिली गोष्ट मनात आली ती ही की घरात चार जण चार बाजूंनी बोलतायत आणि फाईल मात्र तुझ्या हातात आहे. मी डॉक्टर नाही, कॅन्सरच्या वॉर्डात आणि रेडिएशन डिपार्टमेंटमध्ये सिस्टर म्हणून आयुष्य गेलंय, त्यामुळे औषध काय द्यायचं ते मी सांगणार नाही, पण गुरुवारी जाताना तुझ्या डोक्यात काय पक्कं असायला हवं ते सांगू शकते.

आधी एकेटीचं. तीन महिने वाया गेले म्हणून नवऱ्याला, फॅमिली डॉक्टरला, स्वतःला कोसत बसू नका. आपल्याकडे टीबी इतका आहे आणि एक्सरेवर दोन्ही इतके सारखे दिसतात की हे खूप घरांत होतं. आता रिपोर्ट हातात आहे, तर पुढचं बघायचं.

स्टेज ३बी म्हणजे काय, तर आजार छातीतच आहे पण छातीतल्या गाठींपर्यंत, म्हणजे लिम्फ नोड्सपर्यंत गेलाय, त्यामुळे सर्जन कापून सगळं काढू शकत नाही. पण तो लिव्हरमध्ये, हाडांत वगैरे पसरलेला नाही, म्हणून डॉक्टर अजून बरं करण्याच्या हिशोबाने बोलतायत. नुसता त्रास कमी करायचा असता तर थोडं रेडिएशन देऊन किंवा नुसत्या औषधांवर ठेवून घरी पाठवलं असतं. सहा आठवड्यांचा कोर्स सांगितलाय याचा अर्थ त्यांना अण्णांमध्ये दम दिसतोय. हे नणंदेला सांग, याच शब्दांत सांग.

आता दोन्ही एकदम का. रेडिएशन जिथे मारतो तिथेच काम करतं, म्हणजे फुफ्फुसातली गाठ आणि तिच्या आजूबाजूचे नोड्स. ते पेशींचा डीएनए तोडतं, पण कॅन्सरच्या पेशी तो परत जोडायचा प्रयत्न करतात, आणि केमोचं औषध त्याच वेळी रक्तात असेल तर ती जोडाजोड नीट होत नाही आणि रेडिएशनचा मार जास्त बसतो. शिवाय स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या एखाद दोन पेशी अंगात कुठे फिरत असतील तर त्यांच्यापर्यंत केमोच पोचते, रेडिएशन नाही. आधी केमो आणि मग रेडिएशन असं केलं की मधल्या काळात केमोतून वाचलेल्या पेशींना परत जोर धरायला वेळ मिळतो.

हे नुसतं थिअरीत नाहीये. सहा ट्रायलमधल्या १२०० च्या वर पेशंटचा डेटा एकत्र करून २०१० मध्ये निकाल आला होता. एकामागून एक दिलं त्यांच्यात ३ वर्षांनी १०० पैकी १८ जण हयात होते, एकत्र दिलं त्यांच्यात २४. फरक छोटा वाटेल, पण त्या सहा जणांच्या घरच्यांना विचार. आणि त्याच डेटात दुसरी बाजूही होती, ती तुझ्यापासून लपवणार नाही: अन्ननलिकेला जोरात त्रास झाला असे पेशंट एकामागून एकमध्ये १०० पैकी ४ होते आणि एकत्रमध्ये १८. म्हणजे नणंद बोलते त्यात तथ्य आहे, त्रास जास्त होतो हे खरं आहे. पण तो त्रास बहुतेकांचा काही आठवड्यांचा असतो आणि तो सांभाळता येतो. फुफ्फुसाला होणारा त्रास मात्र दोन्हींमध्ये साधारण सारखाच निघाला होता.

मग ठाण्याचे डॉक्टर चुकीचं सांगतायत का? तसं नाही. माणूस अशक्त असेल, वजन खूप उतरलेलं असेल, श्वासाची टेस्ट खराब असेल, किंवा गाठ एवढी मोठी असेल की रेडिएशन देताना चांगलं फुफ्फुसही खूप भाजलं जाईल, तर आधी केमो देऊन गाठ लहान करतात आणि मग रेडिएशन देतात, हे सगळीकडे चालतं. म्हणून त्यांना एकच प्रश्न विचार, 'डॉक्टर, अण्णांच्या बाबतीत आधी केमो कशासाठी?' त्यांनी वरच्यापैकी कारण सांगितलं तर ते कारण परळच्या डॉक्टरांसमोर ठेव. आणि कारण नुसतं 'वय झालंय' असेल तर मला ते पटत नाही. ६६ हे वय नाही. अण्णा स्वतः आंघोळ करतात का, जिना चढतात का, दिवसातला किती वेळ पडून असतात, गेल्या तीन महिन्यांत वजन किती गेलं, किडनीचा रिपोर्ट कसा आहे, यावर ठरतं. पण या ओपिनियनच्या नादात महिना घालवू नका. सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून केस बघतात अशा ठिकाणी एकदा फाईल दाखवली की बास.

चुलत दिरांचा जास्त पॉवरचा मुद्दा. यावर अमेरिकेत मोठी ट्रायल झाली, २०१५ मध्ये छापून आली. नेहमीचा ६० ग्रेचा (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) डोस आणि वाढवलेला ७४ ग्रेचा डोस अशी तुलना होती, आणि जास्त डोसवाले पेशंट कमी जगले. साधारण २० महिने, ६० ग्रेवाले साधारण २९ महिने. कारण छातीत हृदय आहे, चांगलं फुफ्फुस आहे, अन्ननलिका आहे, तो जास्तीचा डोस त्यांनाही लागतो. तेव्हा कुणी जाहिरातीत पॉवर विकत असेल तर दिरांना हे आकडे दाखव. ६० ग्रे म्हणजे रोज २ ग्रे, सोमवार ते शुक्रवार, असे ३० दिवस, तेच तुमचे सहा आठवडे.

आणि माझं खरं म्हणणं इथे सुरू होतं. एकत्र का वेगळं यावर तुमच्या घरात जेवढी चर्चा झालीय त्याच्या पावपटही चर्चा या तीस दिवसांवर झालेली दिसत नाही. हे तीस दिवस सलग व्हायला हवेत. मध्ये आठवडाभर गॅप पडली, गळा दुखतो म्हणून घरी बसले, ताप आला, गाडी चुकली, शुगर वाढली, की उरलेल्या पेशी तेवढ्या वेळात परत वाढायला लागतात आणि ट्रीटमेंटची धार जाते. मी डिपार्टमेंटमध्ये जे पेशंट मागे पडताना बघितले त्यातले कितीतरी औषध सोसलं नाही म्हणून मागे पडले नव्हते, तयारी नव्हती म्हणून पडले होते. म्हणून आता सगळी ताकद तयारीत घाल.

सगळ्यात मोठी तयारी म्हणजे अण्णांना खरं सांगणं. रागावू नकोस, पण 'गाठ आहे' हे चालणार नाही. कॅन्सरच्या हॉस्पिटलमध्ये तीस दिवस जायचंय, बाकावर शेजारी बसलेला माणूस पहिल्याच दिवशी विचारणार 'तुमचा कुठला?' आणि त्यांना तिथे कळणार, तुम्ही कुणी सोबत नसताना. आयुष्यभर बसमध्ये हजारो माणसं हाताळलेला माणूस आहे तो, त्यांना तुमच्या चेहऱ्यावरून अर्धं कळलेलं असेलच. सही त्यांची लागणार आहे, शरीर त्यांचं आहे, आणि चौथ्या आठवड्यात घास गिळताना डोळ्यांत पाणी आलं तरी उद्या परत मशीनवर जायचं हे फक्त त्यालाच जमतं ज्याला माहिती आहे की तो कशासाठी जातोय. तुझ्या नवऱ्याने सांगावं, तू शेजारी बस. कॅन्सर आहे, पसरलेला नाही, डॉक्टर बरं करायचा प्रयत्न करतायत, सहा आठवडे कठीण जातील. एवढं पुरे. आकडे त्यांनी विचारले तरच सांगा.

दुसरं, राहायचं कुठे. डोंबिवली ते परळ रोज जा-ये, आणि तीही केमो चालू असताना, मला नको वाटते. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटना चढता येतं, हॉस्पिटलचे कागद जवळ ठेवायचे, आणि पहिले दोन आठवडे ते जमूनही जाईल, पण नंतर थकवा असा येतो की दादरचा जिना डोंगर वाटतो. नणंदेचं घर करी रोडला आहे, म्हणजे अगदी जवळ. लेकीच्या घरचं पाणी पिणार नाही ही जुनी पद्धत मला माहिती आहे, अण्णांच्या पिढीचं ते खरंच मनाला लागतं, त्यावर हसू नका. नणंदेनेच त्यांच्यासमोर बसून 'अण्णा, सहा आठवडे या, मला तेवढंच करू द्या' म्हटलं तर फरक पडेल. तिची भीती आहे ना की माणूस हातचा जाईल, मग तिला काम दे, सकाळचं मशीनवर नेणं तिच्याकडे. माझा अनुभव आहे की विरोध करणारं माणूस एकदा रोज पेशंटबरोबर यायला लागलं की त्याचा विरोध आपोआप मावळतो. शनिवार रविवार रेडिएशन नसतं तेव्हा डोंबिवलीला नातवाकडे. आणि अण्णा अजिबातच तयार झाले नाहीत तर परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, पण जागा मिळायला वेळ लागतो, हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडे आत्ताच नाव घालून ठेव.

नातवाला लांब ठेवायची गरज नाही. हे रेडिएशन बाहेरून मशीनने देतात, मशीन बंद झालं की अंगात काहीही राहत नाही, अण्णा घरी येऊन त्याला कुशीत घेऊन झोपू शकतात. फक्त उलटं बघायचं, नातवाला सर्दी ताप असेल तर त्याने आजोबांपासून लांब राहायचं, कारण केमोमध्ये अण्णांच्या पांढऱ्या पेशी कमी होतात. आणि केमोनंतरचे दोन दिवस अण्णांच्या बाथरूममध्ये नीट पाणी टाकायचं, उलटी वगैरे साफ करताना तू हातमोजे घाल.

मशीनवर काय होतं तेही त्यांना आधी सांग. सुरुवातीला एक दिवस प्लॅनिंगचा सीटी होतो, छातीवर खुणा करतात, त्या पुसायच्या नाहीत, साबणाने घासायच्या नाहीत. मग रोज पंधरा वीस मिनिटं पडून राहायचं, दुखत काही नाही. पण दोन्ही हात डोक्याच्या वर ठेवून पडायचं असतं, आणि शुगरवाल्यांचे खांदे फार आखडलेले असतात! हे कुणी आधी सांगत नाही. आजपासून अण्णांना भिंतीला हात लावून खांद्याचा व्यायाम करायला लाव, खूपच दुखत असेल तर प्लॅनिंगच्या दिवशीच टेक्निशियनला सांगा.

केमो बहुतेक आठवड्यातून एकदा पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन अशी देतील, किंवा सिस्प्लॅटिनबरोबर दुसरं औषध. सिस्प्लॅटिन असेल तर किडनी आणि कानाचं विचारा, त्या दिवशी पाणी भरपूर पाजायचं पण किती ते डॉक्टरांना विचारून. पॅक्लिटॅक्सेल असेल तर केस जातील आणि बोटांना मुंग्या येतील, शुगरमुळे आधीच मुंग्या असतील तर ते आत्ताच सांगा. केमोआधी स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात त्याने त्या दोन दिवसांत शुगर उडते, घाबरायचं नाही, पण शुगरच्या डॉक्टरांना आधीच कल्पना देऊन डोस कसा बदलायचा ते लिहून घ्या. आणि शुगर वाढली म्हणून अण्णांचं खाणं तोडू नका, या सहा आठवड्यांत वजन टिकवणं जास्त महत्त्वाचं.

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास गिळताना छातीत जळजळ, टोचणं सुरू होतं, शेवटी शेवटी वाढतं, आणि रेडिएशन संपल्यावरही पहिले एक दोन आठवडे तसंच राहतं, मग उतरतं. लोक काय करतात, दुखतंय म्हणून जेवण बंद करतात आणि चौथ्या आठवड्यात पेशंट सलाइनवर. तसं होऊ द्यायचं नाही. पहिल्या दिवशी टोचलं की त्याच दिवशी सिस्टरना सांग, जळजळीचं औषध, बधिर करणारं जेल, दुखण्याचं सिरप लिहून देतात, ते जेवणाआधी थोडा वेळ द्यायचं म्हणजे घास जातो. ठेचा, लोणचं, पापड, कडक भाकरी, लिंबू, फार गरम चहा हे सगळं बंद. मुगाची मऊ खिचडी, तूप घालून पेज, नाचणीचं सत्व, मऊ उकडलेलं अंडं, खाता तर माशाचं बिनतिखटाचं पातळ कालवण काटे काढून, दूध, पनीर, दर दोन तासांनी थोडं थोडं. दर सोमवारी वजन करून वहीत लिही. काहींना थोडे दिवस नाकातून नळी घालून फीड द्यावं लागतं, तेव्हा घरचे रडतात, पण ती नळी म्हणजे हरलो असं नाही, त्या नळीमुळेच तीस दिवस पूर्ण झालेले पेशंट मी पाहिलेत.

ताप. थर्मामीटर विकत घे, अंदाजाने हात लावून नाही. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टी. केमोत पांढऱ्या पेशी खाली असताना साधं इन्फेक्शन काही तासांत अंगात पसरतं. उघड्यावरची कापलेली फळं, बाहेरचं पाणी, रस, हे सहा आठवडे नाही.

बिडी सुटलीय ते फार चांगलं झालं, पण मशेरी, तंबाखू काही चालू असेल तर तेही बंद. आणि पत्रात नाही लिहिलंस पण कुणीतरी काढा, गुळवेल, अमुक पावडर आणून देणार हे मला माहिती आहे. गुळवेल घेऊन लिव्हरला त्रास झालेल्या केसेस मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्या होत्या. केमो चालू असताना लिव्हर बिघडलं तर केमो थांबते, म्हणजे परत गॅप. आणणाऱ्याला नाराज करू नका, ठेवून घ्या आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

खर्चाचं तू काही लिहिलं नाहीस, पण महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमो आणि रेडिएशन दोन्ही बसतं, आता एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते बघ आणि ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेट.

सहा आठवडे संपले की काम संपलं असं नाही. साधारण एक ते सहा महिन्यांत कधीही कोरडा खोकला, धाप, बारीक ताप सुरू होऊ शकतो, रेडिएशनने फुफ्फुसाला आलेली सूज असते ती. वेळेत स्टिरॉइड दिलं तर बहुतेक वेळा आटोक्यात येते. पण खोकला, ताप आणि एक्सरेवर पांढरा डाग बघून जवळचा डॉक्टर परत टीबी किंवा न्यूमोनिया म्हणेल याची शक्यता तुमच्या घरी इतरांपेक्षा जास्त आहे! म्हणून रेडिएशन कुठल्या तारखेला संपलं ते एका कागदावर लिहून अण्णांच्या पाकिटात ठेव आणि असं काही झालं तर आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना फोन.

आणि आता ज्या दोन गोष्टी तुझ्या पत्रात मला दिसल्या नाहीत त्या गुरुवारी आधी विचार. एक, मेंदूचा एमआरआय झालाय का? पेट स्कॅनमध्ये मेंदू नीट कळत नाही आणि स्टेज ३ नक्की करण्याआधी तो बघायला हवा. दोन, बायोप्सीच्या तुकड्यावर ईजीएफआर, एएलके आणि पीडीएल१ या टेस्ट पाठवल्यात का? कॅन्सरच्या पेशीत कुठला जनुकीय बदल किंवा प्रथिन आहे ते त्यातून कळतं. हे पुढच्या औषधासाठी लागतं. केमो रेडिएशननंतर आजार वाढलेला नसेल तर डुर्वालुमॅब नावाची इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं औषध, वर्षभर देतात, त्याच्या ट्रायलमध्ये ५ वर्षांनी १०० पैकी ४३ जण हयात होते, न घेतलेल्यांत ३३. औषध महाग आहे, सगळ्यांना परवडत नाही, त्याच्या मदतीच्या योजनांबद्दल आत्ताच विचारून ठेवलेलं बरं. पण ईजीएफआर पॉझिटिव्ह आलं, जे आपल्याकडे ॲडिनोकार्सिनोमात बऱ्याच जणांचं येतं, तर तो रस्ता वेगळा, तिथे ऑसिमर्टिनिबची गोळी. २०२४ मध्ये त्याचे निकाल आले, केमो रेडिएशननंतर गोळी घेणाऱ्यांत आजार निम्म्या पेशंटमध्ये तरी ३९ महिन्यांपर्यंत पुढे सरकला नाही, न घेणाऱ्यांत ते जेमतेम साडेपाच महिने होतं. आणि आधी इम्युनोथेरपी आणि मागून लगेच ही गोळी असं झालं तर फुफ्फुसाला सूज यायचा धोका वाढतो, म्हणून रिपोर्ट आधी हातात हवा.

एकेटीची फाईलही बरोबर ने. कुठल्या गोळ्या, कधी सुरू, कधी बंद, सगळं दाखव, कारण त्यातलं रिफाम्पिसिन बऱ्याच औषधांचा असर कमी करतं, ऑसिमर्टिनिबचा तर नक्कीच, आणि अण्णा अजूनही त्या गोळ्या घेत असतील तर डॉक्टरांना ते गुरुवारीच कळायला हवं. रिपोर्ट आला की मला परत लिही, पुढचं आपण त्यावरून बोलू.